बोलका चालू होईपर्यंत

दादाला बोलायला एक यंत्र लागायचं, आणि ते काल सकाळी जे बंद पडलं ते पुन्हा उठलंच नाही.

यंत्र म्हणजे पलंगाच्या पायथ्याशी लोखंडी दांड्यावर बसवलेला स्क्रीन, त्याच्या खालच्या कडेला चिकटवलेला कॅमेरा आणि पलंगाखाली सरकवलेला जुना कॉम्प्युटर. घरात सगळे त्याला 'बोलका' म्हणत. आजारानं दादाच्या अंगातली ताकद टप्प्याटप्प्यानं काढून घेतली होती. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. उरले फक्त डोळे. दादा स्क्रीनवरच्या ज्या अक्षराकडे बघेल ते बोलका उचलायचा, अक्षरांचा शब्द करायचा आणि स्पीकरमधून कोरड्या, सपाट आवाजात बोलून दाखवायचा. असा प्रोग्रॅम दुकानात मिळत नव्हता. कुणा परक्या माणसानं जगासाठी उघडा ठेवलेला सोर्स कोड घेऊन, हात चालत होते तोवर दादानंच तो मराठीसाठी आणि स्वतःच्या जड पापण्यांसाठी बदलून घेतला होता.

काल डिस्क गेली. डिस्कसोबत सगळंच गेलं.

धाकटी, म्हणजे दादाची बहीण, बातमी कळताच नवी डिस्क घेऊन आली. तिनं कॉम्प्युटर उघडला, डिस्क बसवली, लिनक्स या सिस्टिमची नवी कोरी आवृत्ती चढवली. दादाच्या कोडची एक प्रत टेबलाच्या खणातल्या पेन ड्राइव्हवर सापडली, तेव्हा वहिनीनं हात जोडले होते. पण कोड असणं वेगळं आणि प्रोग्रॅम असणं वेगळं. कोडवरून प्रोग्रॅम नव्यानं बांधायचा होता, आणि वेळ नव्हता.

वेळ नव्हता, कारण डॉक्टरीणबाई आदल्या संध्याकाळी तपासून गेल्या होत्या. पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून त्यांनी दादाकडेच बघत सांगितलं होतं, बाकीच्यांकडे नाही.

"तोंडावरचा मास्क आता पुरत नाहीये. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतोय. दोनच वाटा आहेत. गळ्याला छेद देऊन नळी बसवायची आणि श्वासाचं मशीन कायमचं जोडायचं. किंवा नळी नको, आणि आम्ही त्रास होऊ देणार नाही एवढं बघायचं. ठरवायचं तुम्ही. पण उद्या दुपारपर्यंत. त्यानंतर गुंगी वाढत जाईल, मग तुम्हाला विचारून उपयोग होणार नाही. मग यांना विचारावं लागेल."

दादाची खूण साधी होती. डोळे मिटले की हो, वर बघितलं की नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नळी घालायची?" दादानं डोळे मिटले नाहीत. "नको?" त्यानं वरही बघितलं नाही. तो बंद पडलेल्या स्क्रीनकडे बघत राहिला.

"त्याला काहीतरी बोलायचंय," वहिनी म्हणाली.

म्हणून आज सकाळपासून धाकटी पलंगाच्या पायथ्याशी पाटावर बसली होती. मांडीवर कीबोर्ड, मान स्क्रीनकडे वर. मागे मास्कला जोडलेलं मशीन एका लयीत सुस्कारे टाकत होतं. वहिनी दादाच्या उशाशी, आणि बाबा दारात, खुर्ची अर्धी खोलीत अर्धी बाहेर अशी टाकून. दादा-वहिनीची मुलगी शाळेत गेली होती.

बाबांचं मत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते काल जेवताना बोलून टाकलं होतं. "भोकं पाडून जगवायचं आणि त्याला जगणं म्हणायचं? पोरानं सोसायचं तरी किती?" वहिनीनं ताट तसंच उचललं होतं. तिचं मत कुणालाच ठाऊक नव्हतं. ते तिलाही ठाऊक नसावं.

धाकटीनं बांधणीची आज्ञा दिली. स्क्रीनवर ओळी धावू लागल्या आणि एकाएकी थांबल्या.

"आलं एरर," ती म्हणाली. शेवटची ओळ तिनं मोठ्यानं वाचली. नुसतं 'एरर दोन' एवढंच होतं. "याचा अर्थ काय लावायचा? दादा, हे..."

दादानं डोळे वर नेले.

"नाही काय? मी अजून काही विचारलंच नाही."

त्यानं पुन्हा डोळे वर नेले, या वेळी ताणून.

"अगं, नाही म्हणत नाहीये तो," वहिनी पुढे वाकली. "वर बघ म्हणतोय. वर जा."

धाकटीनं ओळी वर सरकवल्या. तिथे, शेपन्नास ओळींच्या गर्दीत, खरं दुखणं होतं: कॅमेऱ्यातलं चित्र उचलणाऱ्या लायब्ररीची एक फाइल सापडत नाही. खालचं सगळं नुसतं त्या एकाचं रडगाणं होतं.

"असला प्रोग्रॅम एकटा कधी काही करत नाही," बाबांनी काय झालं विचारलं तेव्हा ती बोटं चालवत म्हणाली. "चित्र उचलायला एक मदतनीस, बुबुळ शोधायला दुसरा, अक्षरं रंगवायला तिसरा. त्यांना लायब्ररी म्हणायचं. त्यातली एक जागेवर नसली की बांधणारा तिथेच हात वर करतो."

"मग आण ना ती."

"ती आहे, बाबा. हीच तर गंमत आहे. चालवायला लागते तेवढी आहे. बांधायला लागणारा तिचा भाग वेगळा मिळतो, तो नाहीये."

तो भाग तिला माहीत होता. तिनं इंटरनेटवरून तो आणला, बसवला, पुन्हा आज्ञा दिली. ओळी आणखी लांब धावल्या. अक्षरं रंगवणारी अडली. तिचाही भाग आणला. आवाज काढणारी अडली, तीही आणली. धाकटीचं रोजचं काम दुकानांच्या वेबसाइट करण्याचं. या खालच्या मजल्यावर तिचं येणं क्वचित, पण दादानं तिला कॉलेजात असताना इथला जिना दाखवून ठेवला होता. एकेक एरर सुटत गेलं तसा तिच्या आवाजात जोर आला. "होतंय. होतंय, वहिनी."

 वहिनी दादाच्या बोटावरच्या चिमट्यात लुकलुकणारा ऑक्सिजनचा आकडा बघत होती. तो सकाळपेक्षा खाली होता. दादाच्या पापण्या मिटायच्या, थोडा वेळ मिटलेल्या राहायच्या, मग उघडायच्या. तो 'हो' होता की झोप, हे सांगणं अवघड व्हायला लागलं होतं.

"झोपू नकोस रे," वहिनी त्याच्या कानाशी म्हणाली. "आजचा दिवस झोपू नकोस."

मग बुबुळ शोधणारी लायब्ररी अडली, आणि ही काही सोपी नव्हती. दादाच्या कोडला तिची जुनी आवृत्ती हवी होती. नव्या सिस्टिममध्ये नवीच मिळत होती. जुनी कुठल्याच यादीत नव्हती. धाकटीनं शोध घेतला. एका चर्चेत कुणीतरी छातीठोकपणे लिहिलं होतं: नव्या फाइलला जुन्याचं नाव द्या, काही बिघडत नाही, माझं चाललं.

तिनं दादाकडे बघितलं. त्याचे डोळे मिटलेले होते. विचारायला उठवावं की पुढे जावं? खिडकीखालून गाडीचा आवाज आला. डॉक्टरीणबाई नव्हत्या, शेजाऱ्यांची गाडी होती. पण त्या आवाजानं तिचा निर्णय झाला. तिनं नव्या फाइलला जुनं नाव जोडलं आणि आज्ञा दिली.

बांधणी झाली. एकही एरर नाही.

स्क्रीनवर निळ्या पाटीवर अक्षरांच्या रांगा उमटल्या. क ख ग घ, च छ ज झ. वहिनीच्या तोंडून चीत्कार बाहेर पडला. "उठ, अरे उठ, बोलका आला!"

दादाचे डोळे उघडले. त्यानं अक्षरं बघितली, आणि ज्या चेहऱ्यावर आता काही उमटू शकत नव्हतं तिथे, डोळ्यांच्या कोपऱ्यात, काहीतरी हललं. कॅमेऱ्यानं त्याची नजर मापली. स्क्रीनवरचा लहान गोल त्याच्या बुबुळाबरोबर फिरू लागला. बाबा खुर्ची सोडून आत आले.

न, उमटलं. मग ळ. वेलांटी. 'नळी,' बोलका बोलला.

खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं, मशीन तेवढं घेत होतं.

न, उमटलं.

आणि स्क्रीन काळा झाला.

त्या काळ्या चौकोनात एकच ओळ होती. प्रोग्रॅम नको त्या जागी मेमरीत शिरला म्हणून सिस्टिमनं त्याला मारून टाकलं होतं. धाकटीनं पुन्हा चालू केला. अक्षरं आली, गोल आला, दादानं पहिल्या अक्षराकडे बघितलं आणि पुन्हा काळोख. पुन्हा. पुन्हा तेच.

"नळी नको," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "बोलला तो. ऐकलंत ना? नळी नको म्हणाला."

"तो 'न' म्हणाला, बाबा," वहिनी म्हणाली.

"मग नच्या पुढे काय असतं?"

"नच्या पुढे काहीही असतं!" वहिनी ताडकन उभी राहिली. इतक्या वर्षांत तिनं सासऱ्यांसमोर आवाज चढवला नव्हता. "नक्की असतं. निदान असतं. नीट असतं. तुम्हाला जे ऐकायचंय ते त्याच्या तोंडात कोंबू नका."

"मला ऐकायचंय? मला?" बाबांनी भिंतीचा आधार घेतला. "माझा मुलगा आहे तो."

"आणि माझा कोण आहे?"

"गप्प बसा दोघं!" धाकटी ओरडली. "तो ऐकतोय."

दादा ऐकत होता. त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी उशीवर ओघळलं. ते दुःखाचं की ताणाचं कुणाला विचारता येणार नव्हतं. वहिनीनं ते पुसलं आणि खाली बसली. बाबा दारातल्या खुर्चीकडे परत गेले नाहीत. तिथेच कपाटाला टेकून उभे राहिले.

धाकटीला कळलं होतं काय झालं ते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. नव्या लायब्ररीला तिनं जुनं नाव दिलं, पण आतली रचना बदललेली होती. दादाचा कोड ओळखीच्या घरात शिरल्यासारखा आत गेला आणि नसलेल्या पायरीवर पाय टाकून कोसळला. आणि त्या आडवाटेनं दादाची किती ताकद खाल्ली होती हे बोटावरचा आकडा सांगत होता.

"माझी चूक झाली," ती म्हणाली. "घाईघाईत झालं. आता नीट करते."

तिनं ते खोटं नाव पुसून टाकलं. लायब्ररी करणाऱ्यांच्या मूळ जागेवर जाऊन जुन्या आवृत्तीचा सोर्स शोधला, उतरवला, आणि आधी तोच बांधायला घेतला. ती मोठी होती. ओळी सावकाश सरकत होत्या, टक्के मुंगीच्या पावलानं वाढत होते, आणि करण्यासारखं काही नव्हतं. वाट बघणं हेच सगळ्यात जड काम. वहिनी ओल्या फडक्यानं दादाचं कपाळ पुसत राहिली. बाबा म्हणाले, "पाणी घे," आणि धाकटीच्या हातात भांडं दिलं. तिनं टक्क्यांवरची नजर न हलवता ते रिकामं केलं.

ती बांधणी संपली आणि दाराची घंटा वाजली.

डॉक्टरीणबाई आत आल्या, चपला बाहेर काढून, हात धुऊन. त्यांनी दादाच्या डोळ्यात बॅटरी मारली, छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, बोटावरचा आकडा बघितला. मग वहिनीला बाजूला घेतलं, पण खोली लहान होती, सगळ्यांनाच ऐकू गेलं.

"मी सांगितलं होतं त्यापेक्षा लवकर होतंय. ॲम्ब्युलन्स मी सांगून ठेवलीये. न्यायचं असेल तर आत्ता. त्यांचं काही कळलं का?"

"अर्धंच कळलं," वहिनी म्हणाली.

"अर्ध्यावर मला काही करता येत नाही. ते बोलू शकले नाहीत, तर तुम्हाला बोलावं लागेल."

वहिनीचा चेहरा पांढरा पडला.

"थांबा," धाकटी मागे न वळता म्हणाली. "झालंच."

दादाचा प्रोग्रॅम नव्यानं बांधला गेला. स्वच्छ. या वेळी खऱ्या लायब्ररीशी जोडून. तिनं चालू करण्याची आज्ञा दिली. एक ओळ आली: बुबुळ शोधणारी लायब्ररी सापडत नाही. अशी फाइल नाही.

"नाही कशी?" तिनं फाइल शोधली. होती. आत्ताच बांधून ठेवलेली, नाव अचूक, आवृत्ती अचूक, डोळ्यांसमोर. तिनं पुन्हा आज्ञा दिली. सापडत नाही. "समोर आहे ना! आंधळा झालायस का?"

तिचं डोकं चालेना. मागे डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघत होत्या. बांधताना काहीतरी चुकलं असणार, तिला वाटलं. सगळं पुसावं, लायब्ररी पुन्हा पहिल्यापासून बांधावी. पुसण्याची आज्ञा तिनं लिहिलीसुद्धा. एंटर दाबायचं तेवढं बाकी होतं.

"थांब," वहिनी म्हणाली. "तो वर बघतोय."

धाकटीनं मागे बघितलं. दादाचे डोळे छताला भिडले होते.

"वर जाऊ? वरच्या ओळी बघू?"

डोळे वरच.

"नको? पुसू नको?"

डोळे मिटले. उघडले.

"मग काय करू?"

वहिनीनं उशाखालून अक्षरांची पारदर्शक पाटी ओढली. बोलका कधी बंद असला की ती वापरायचे. एका वाक्याला अर्धा तास लागायचा, आणि कालपासून तेवढा दम त्याच्यात नव्हता. ती पाटी दादाच्या आणि आपल्या तोंडामध्ये धरून ती वर्ग मोजू लागली. "क वर्ग? च वर्ग? ट? त? प?"

डोळे मिटले.

"प?"

उघडून पुन्हा मिटले. "प. बरं. पुढचं. क? च? ट? त?" मिटले. "त वर्ग. त?" मिटले. "त. पुढचं. क? च? ट? त?" मिटले, आणि या वेळी उघडायला फार वेळ लागला. "परत त. प, त, त. पत्ता? पत्ता म्हणतोस का?"

त्यानं डोळे मिटले आणि तसेच ठेवले.

"पत्ता," वहिनी म्हणाली. "कुणाचा पत्ता?"

"ॲम्ब्युलन्सवाल्यांना हवाय का घरचा पत्ता?" बाबा म्हणाले.

धाकटीचा हात कीबोर्डवरून बाजूला झाला. तिनं कपाळावर थाप मारली. "अगं बाई. काखेत कळसा आणि गावाला वळसा! लायब्ररी घरात आलीये, पण सिस्टिमला कुणी सांगितलंच नाही ती कुठल्या खोलीत उतरलीये. ती जुन्याच पत्त्यांवर शोधत बसलीये." तिनं पुसण्याची आज्ञा खोडली. सिस्टिमकडे लायब्ररींच्या पत्त्यांची वही असते, ती नव्यानं लिहून घ्यायची एक छोटी आज्ञा आहे. दादानं ती तिला कधीकाळी शिकवलेली होती, आणि भीतीनं ती तिच्या डोक्यातून पार पुसली गेली होती. तिनं ती दिली. काहीच दिसलं नाही. ही आज्ञा काम झालं तर गप्प बसते.

तिनं बोलका चालू केला.

निळी पाटी. अक्षरांच्या रांगा. लहान गोल.

"उठ," वहिनी म्हणाली. "ए, ऐक ना. उठ." तिनं त्याच्या गालावर हलकी चापट मारली. डॉक्टरीणबाईंनी मास्कचं मशीन थोडं वाढवलं, त्याची मान उंच केली. "डोळे उघडा. बोला काय बोलायचंय ते. आम्ही ऐकतोय."

डोळे उघडले. गोल थरथरला, मग स्थिर झाला.

न. ळी. 'नळी.' न. धाकटीनं पाटाची कड घट्ट धरली. अनुस्वार. त. र. 'नंतर.'

बोलका त्याच त्या कोरड्या आवाजात, शब्द सुटे सुटे करत बोलत गेला: "नळी. नंतर. काढायची. कुणी. ते. आधी. ठरवा. मग. घाला."

बाबांनी कपाटाची मूठ धरली. "म्हणजे काय? घालायची म्हणतोय?"

"घालायची," डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या. "पण एक दिवस डोळेही हलायचे थांबतील. त्यानंतर बोलता येणार नाही. तेव्हा मशीन बंद करायला कुणीतरी सांगावं लागेल. ते म्हणताहेत, ते कोण, हे आत्ता ठरवा." त्या दादाकडे वळल्या. "असंच ना?"

मिटले. उघडले. नजर एकदा वहिनीकडे गेली, मग गोल पुन्हा फिरू लागला.

"हिच्यावर. नको. धाकटीनं. सांगावं."

धाकटीला वाटलं चुकीचं ऐकलं. सकाळपासून ती एकाच गोष्टीच्या मागे होती, दादा बोलला पाहिजे. तो बोलला की काय बोलेल याचा विचार करायला तिला फुरसतच मिळाली नव्हती. "मी? मी का? दादा, मी नाही. मला नाही जमणार."

"मुलगी. शाळेतून. येईल," बोलका म्हणाला. थांबला. दादा दमला होता. गोल एका जागी रेंगाळला, मग निघाला. "मोठी. होईल. आईनं. बंद. केलं. असं. तिला. नको. वाटायला." पुन्हा थांबला. "आत्या. असतेच. राग. काढायला."

बाबांना हसू फुटलं, आणि लगोलग त्यांनी तोंडावर हात दाबला, कारण ते हसू नव्हतं.

वहिनी मात्र हसली नाही. ती पलंगाच्या कडेवरून उठली आणि स्क्रीनच्या बाजूला, जिथे तो तिला बघू शकेल, तिथे जाऊन उभी राहिली.

"मला सोडवतोयस का?" ती म्हणाली. "मला विचारलंस? तुझा मास्क मी बदलते, कूस मी बदलते, तुझी नखं मी कापते. आणि शेवटच्या गोष्टीला मी परकी?"

गोल हलला नाही.

"मुलीला काय सांगायचं ते मी बघेन. आई आहे मी तिची, तिला तोंड द्यायला घाबरत नाही. आणि हिच्या एकटीच्या डोक्यावर हे टाकायचं? हिनं काय घोडं मारलंय तुझं?"

"वहिनी..." धाकटी म्हणाली.

"तू थांब. मी त्याच्याशी बोलतेय." वहिनीनं पदरानं नाक पुसलं. "दोघींचं नाव घाल. दोघी हो म्हटल्या तरच. एकीनं नाही म्हटलं तर नाही."

 मग अक्षरं उमटायला लागली, फार सावकाश.

"दोघी. भांडाल."

"भांडू," वहिनी म्हणाली. "तुला काय करायचंय?"

"मग. मी. शंभरी. गाठतो."

या वेळी डॉक्टरीणबाईही हसल्या, आणि वहिनी हसता हसता खाली बसली ती रडायलाच लागली, दादाच्या पायांवर डोकं ठेवून, मोठ्यानं, कालपासूनचं सगळं. धाकटी पाटावरून उठायला गेली तर तिच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. ती तशीच, पलंगाचा कठडा धरून, वाकडीतिकडी उभी राहिली.

"धाकटे," बोलका म्हणाला. "जमेल?"

तिला नाही म्हणायचं होतं. तिला घरी जाऊन दार लावून झोपायचं होतं. "आत्ता नाही जमणार," ती म्हणाली. "तेव्हा बघू. वहिनी असली तर जमेल."

डॉक्टरीणबाईंनी दादाचे शब्द आणि दोघींची नावं कागदावर लिहून त्याच्यासमोर पुन्हा वाचून दाखवली, प्रत्येक वाक्याला त्यानं डोळे मिटले, बाबांनी आणि हाक मारून बोलावलेल्या शेजारच्या काकांनी साक्षीला सह्या केल्या. सही करताना बाबांचा हात थांबला होता. "तुला खरंच हवंय ना रे?" त्यांनी मुलाला विचारलं. कालपासून त्यांनी हा प्रश्न दादाला विचारलाच नव्हता. दादानं डोळे मिटले, आणि बाबांनी आपलं पूर्ण नाव, सगळ्या काना-मात्रांसकट, लिहिलं.

ॲम्ब्युलन्सची माणसं स्ट्रेचर घेऊन जिना चढली. वळणावर ते तिरकं करावं लागलं, वहिनी मास्कची नळी हातात धरून उलट्या पावलांनी उतरत होती. डॉक्टरीणबाई पुढे गेल्या. गाडीत एकालाच जागा होती.

धाकटी आणि बाबा रिकाम्या पलंगापाशी राहिले. गादीवर दादाच्या देहाचा खळगा तसाच होता. बोलका कुणी बघत नसताना निळाशार उजळून उभा होता; गोल कुठे जावं न कळून मधोमध थांबला होता.

"शस्त्रक्रिया झाली की हे तिकडे न्यावं लागेल," धाकटी म्हणाली. "शुद्धीवर आला की पहिलं हेच मागेल."

"हं." बाबा पाटावर बसायला वाकले. गुडघे वाजले. त्यांनी आयुष्यभर बस चालवली होती. कॉम्प्युटरला त्यांनी कधी धुळीच्या फडक्यापलीकडे हात लावला नव्हता. त्यांनी कीबोर्ड मांडीवर ओढून घेतला आणि त्याच्याकडे, नवी गाडी हातात आल्यावर बघावं तसं, बघितलं.

"हे बंद पडलं, आणि तू गावाला गेलेली असलीस, तर?" ते म्हणाले. "मला दाखव. पहिल्यापासून. लायब्ररी नाही म्हणालं की काय करायचं ते."

"बाबा, आत्ता?"

"मग काय, तिकडे बाहेर बाकड्यावर बसून छत बघू? बोलावलं की निघू."

धाकटी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. "आधी हे बंद करा," ती म्हणाली, "आणि आता इथे काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचा. नाही, खालून नको. वरून."

बाबांनी चष्मा नाकावर चढवला आणि एकेक अक्षर लावत वाचायला सुरुवात केली.